पायसच्या विमानाची वही

मला विमान बांधायचं नव्हतं. मला माझी शिडी परत हवी होती.

शिडी पायसने ऑगस्टात नेली होती, छपराच्या पन्हळीतला पाला काढायला. सिडनीच्या क्वेकर्स हिलमध्ये त्याचं घर आणि माझं घर पाठीला पाठ लावून आहेत, आणि मधल्या कुंपणाची एक फळी गेली अकरा वर्षं सुटी आहे. ती मी दुरुस्त करणार, असं चारुता, म्हणजे माझी पत्नी, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. त्या फळीतून मी एका शनिवारी पायसच्या गराजमध्ये गेलो. आत गाडी नव्हती. विमान होतं. पंख काढून भिंतीला टेकवले होते, आणि शेपूट जमिनीला लागू नये म्हणून खाली माझी शिडी आडवी घातली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"विमान."

"ते दिसतंय मला. माझी शिडी कधी मिळेल?"

"उडालं की मिळेल," पायस म्हणाला. "ते टोक धर जरा."

मी टोक धरलं. माणसाने दुसऱ्याच्या गराजमध्ये कुठलंही टोक कधी धरू नये. ते पुढची पावणेदोन वर्षं सुटलं नाही.

पायस तुस्कानो मूळचा वसईचा. आधी मुंबईत आणि मग इथे मिळून बत्तीस वर्षं त्याने विमानं दुरुस्त केली. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत टोमॅटो लावतात, जुनी गाणी गातात, फार तर व्हॉट्सअॅपवर देशाचं भलं करतात. पायसने क्लबात जाऊन विमान चालवायला शिकून घेतलं आणि मग पन्नास वर्षं जुनं, दोन माणसांचं एक विमान आणलं. मी कारण विचारलं तर म्हणाला, "श्रीनाथ, बत्तीस वर्षं मी विमान नीट करून दिलं. कागदावर सही माझी, उडणार दुसरा. एकदा सही पण माझी आणि उडणार पण मी. डोरीनला बाजूला बसवून वॉलॉंगॉंगवरून एक राउंड मारायचाय. बस."

वॉलॉंगॉंगला त्यांचं या देशातलं पहिलं घर होतं. डोरीन, म्हणजे त्याची बायको, तिथल्या हॉस्पिटलात नर्स होती आणि पायस पहाटेच्या ट्रेनने सिडनीला कामाला यायचा. समुद्राकडे तोंड असलेलं भाड्याचं घर, आणि ते त्याने कधी उजेडात पाहिलंच नाही, असं डोरीन म्हणायची.

आता एवढी साधी इच्छा असताना विमान आहे तसं उडवायला काय हरकत होती? हरकत अशी की ते कारखान्यात तयार झालेलं विमान. त्याचा प्रत्येक बोल्ट परवानाधारक वर्कशॉपनेच पिळायचा, आणि तो बोल्ट आता जगात कुणी बनवत नाही. पण तेच विमान सोलून, हलकं करून, घरी बांधलेलं छोटं स्पोर्ट प्लेन म्हणून नोंदवलं, तर त्याची देखभाल बांधणाऱ्याला स्वतः करता येते. शिवाय तसलं विमान उडवायला गाडीच्या लायसन्सइतकी तब्येत पुरते. फक्त दर वर्षी मे महिन्यात आपण ठणठणीत असल्याच्या फॉर्मवर सही करायची.

मात्र घरी बांधलेलं म्हणजे खरोखरच घरी बांधलेलं. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतःच्या हाताने, शिक्षणासाठी अथवा करमणुकीसाठी केलेलं हवं. जुन्यातलं जे जसंच्या तसं ठेवाल ते तुमचं काम धरणार नाहीत. म्हणजे उजवा पंख चांगला आहे ना, मग तो काढा. चांगला असणं हाच त्याचा दोष. आम्ही उत्तम स्थितीतला पत्रा सोलून काढला आणि तसलाच पत्रा नव्याने कापून त्याच जागी बसवला. हे शिक्षण की करमणूक, हे मला फॉर्म भरतानाही ठरवता आलं नाही.

आणि हे सगळं सिद्ध करायला वही हवी. कुणी, कधी, काय केलं, त्याची रोजची नोंद. ते ऐकल्यावर मात्र मी पुढे सरसावलो, कारण आमच्या घराण्यात दुसरी कुठली विद्या नसली तरी ही आहे. माझे वडील सांगलीला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. खात्यात मोजमाप-पुस्तक असतं. मोजणी जागेवर करायची, शाईने लिहायची, खोडाखोड करायची नाही. वडील म्हणायचे, जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते वहीत येता कामा नये, आणि जे पाहिलं ते गाळता कामा नये. या तत्त्वापायी त्यांच्या सतरा बदल्या झाल्या. आम्हा भावंडांची बारा गावच्या शाळांत नावं होती आणि एकाही शाळेला आम्ही आठवत नाही.

तर मी वही घातली. मराठीत घातली, कारण घाईत आणि शाईने मला मराठीतच लिहिता येतं. शिवाय या देशात आपली वही कोण वाचणार, हाही एक सुखाचा विचार होता. त्यामुळे पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटच्या आकड्यांबरोबर इतर निरीक्षणंही येत गेली. 'डाव्या पंखाची तिसरी फासळी पूर्ण. डोरीनचं सुकं मटण आलं. चारुताने ते चवीला म्हणून नेलं आणि डबा रिकामा परत केला.' अशा स्वरूपाची.

गराजमध्ये विमान आहे ही बातमी महाराष्ट्र मंडळात पसरायला एक रविवार पुरला. विवेक आला. विवेक बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्याने भिंतीवर रंगीबेरंगी चिठ्ठ्या चिकटवल्या आणि रोज सकाळी उभ्याने पंधरा मिनिटं मीटिंग घ्या म्हणाला. आम्ही दोघं जानेवारीत बेचाळीस डिग्रीच्या उकाड्यात, पत्र्याच्या छपराखाली, बनियनवर उभे राहून एकमेकांना काल काय केलं ते सांगत होतो. दोघांनाही ते माहीत होतं. विवेकची बायको मेधा म्हणाली की विमानाचं नाक दक्षिणेला आहे, ते फिरवा. फिरवायला जागा नव्हती, म्हणून तिने नाकासमोर एक आरसा टांगला. पायसने त्या आरशाखाली वेलंकनी मातेचं चित्र लावलं आणि मला म्हणाला, "दोन्ही असू दे. वजनात धरत नाहीत."

शेजारचा ग्रॅहम रोज कुंपणावरून वाकून सांगायचा, "यू नो वॉट युअर प्रॉब्लेम इज, मेट?" आमचा प्रॉब्लेम काय हे आम्हाला त्याच्याकडूनच कळायचं. दोनच आठवड्यांत कौन्सिलचं पत्र आलं. निवासी गराजमध्ये विमानाचा कारखाना चालवल्याची तक्रार होती. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. कौन्सिलची बाई आली, तिने मोजपट्टीने विमान मोजलं आणि विचारलं की हे गराजमधून बाहेर कसं निघणार. तो विचार आम्ही केलेला नव्हता. तक्रार ग्रॅहमनेच केली होती आणि दार काढायला पान्हे घेऊनही तोच आला. इथली माणसं तक्रार आणि मदत यांची गल्लत करत नाहीत, हे मी वहीत कौतुकाने लिहिलं.

रिव्हेट मारणं हे दोघांचं काम आहे. एकाने पत्र्याच्या बाहेरून हवेवर चालणारी गन धरायची, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. गन जराही हलली तर पत्र्यावर चंद्रकोरीसारखा पोचा येतो. गन अर्थातच पायसकडे होती. बत्तीस वर्षांचा हात होता तो. मी आत अंग मुडपून, कानात कापूस घालून, ठोकळा धरून बसायचो आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीचा विचार करायचो.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी पत्र्यावर सात चंद्रकोरी उमटल्या.

"हवेचं प्रेशर गडबड करतंय," पायस म्हणाला.

मी प्रेशर पाहिलं. बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात तो सहज म्हणाला, "श्रीनाथ, तू पण शिक की गन. मी आतून ठोकळा धरतो. तुझं पोट आत मावत नाही."

माझा अपमान झाला असं मी दाखवलं. पोटाचा विषय चारुताने हातात घेतला आणि आठवडाभर मला भाकरी आणि दुधी मिळाला. पण ठोकळा जड असतो, दोन्ही हातांनी दाबून धरायचा असतो, त्यात हाताची थरथर जिरते, हे मला कळत होतं. चहाचा कप तो आता बशीशिवाय धरायचा, म्हणजे वाजू नये. तेही मला कळत होतं. तो दाखवत नव्हता म्हणून मी पाहत नव्हतो. फक्त वहीत लिहायचो. 'रिव्हेट ४१ ते ९६, गन श्रीनाथ, ठोकळा पायस. पायसचा उजवा हात आज फार थरथरत होता.' जे पाहिलं ते गाळता कामा नये.

डोरीनने चाळीस वर्षं पेशंट पाहिलेले. तिला माझ्याआधी कळलं असणार. एकदा ती मला फळीपाशी गाठून एवढंच म्हणाली, "मे महिन्याच्या आत होईल ना रे?"

मी होईल म्हणालो.

मार्चमध्ये विमान झालं आणि इथल्या विमान वाहतूक खात्याला वही हवी झाली. खात्याला मराठी येत नव्हती. भाषांतर करा, तेही शपथेवर काम करणाऱ्या अधिकृत भाषांतरकाराकडून, असं त्यांनी कळवलं. पुष्कळ शोधल्यावर अॅडलेडच्या मॉसन लेक्समध्ये राहणारी चित्रलेखा नावाची मुलगी सापडली. मी वही पाठवली. दोन आठवड्यांनी तिचा फोन आला.

"काका, वही एकदम भारी आहे. पण मला सगळं ट्रान्सलेट करावं लागेल हं. मटण, तो ग्रॅहम, तुमचं पोट. खाली मी 'संपूर्ण आणि खरं' लिहून सही करते ना, काहीच ड्रॉप नाही करता येत."

"हरकत नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

"आणि काका, हाताबद्दलच्या एंट्रीज. सहज मोजल्या, एकशे अठरा आहेत. तुमच्या फ्रेंडला माहितीये ना, तुम्ही लिहिताय ते?"

मी सात-आठ लिहिल्या असतील असं मला वाटत होतं. वही परत मागवली तर बांधल्याचा पुरावा नाही आणि पुरावा नाही तर विमान नाही. जाऊ दिली तर ज्या माणसासाठी हा खटाटोप केला, त्याच्याविरुद्ध एकशे अठरा साक्षी माझ्याच अक्षरात होत्या. मी त्या दिवशी पायसकडे गेलो, फळीतून डोकं आत घातलं, तो प्रॉपेलर पुसत शीळ घालत होता, आणि मी परत आलो. इन्स्पेक्टर फक्त रिव्हेटचे आकडे वाचेल, असं मी स्वतःला सांगितलं. बारा गावच्या शाळांत शिकूनही मी इतका भित्रा कसा राहिलो, कोण जाणे.

अर्ज पायसच्या नावाचा होता. म्हणून भाषांतराचं पाकीट त्याच्या घरी गेलं.

डोरीनचा फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. "ये तू," एवढंच म्हणाली. पायस विमानात बसला होता, डावीकडच्या सीटवर, मांडीवर कागदांचा गठ्ठा. मी दारात उभा राहिलो. बेचाळीस डिग्रीत त्या गराजमध्ये मला जितका घाम आला नव्हता तितका तेव्हा आला.

"पान अठ्ठावीस," पायस म्हणाला. त्याने इंग्रजी कागदावरून मराठीत वाचलं. "पायसने स्क्रू तीनदा पाडला. चौथ्यांदा मी पाडला, म्हणजे त्याला बरं वाटेल."

त्याने मान वर केली.

"मला वाटलं तू पण म्हातारा झालास."

"झालोच आहे."

"मला का नाही विचारलंस?"

"तू का नाही सांगितलंस?"

ग्रॅहमच्या बागेत गवत कापायचं मशीन चालू होतं. ते बंद झालं.

"पार्किन्सन्स," पायस म्हणाला. "डिसेंबरात डॉक्टर बोलला. लायसन्सवाल्यांना कळवायला पाहिजे म्हणाला. मी म्हटलं मेपर्यंत कळवतो. म्हटलं एक राउंड मारतो, मग घ्या काय घ्यायचं ते. डोरीन माझ्याबरोबर बसायला तयार होती. हे वाचलं ना, मग हिशेब केला. महिन्याला किती वेळा हात सुटला, तू सगळं लिहिलंयस. मी हिला घेऊन वर गेलो असतो, श्रीनाथ."

"ती पानं काढून टाकू," मी म्हणालो. हे मी म्हणालो, ओव्हरसियरांचा मुलगा.

"नाही. वही खोटी नाही करायची. तुझ्या वडिलांच्या सतरा बदल्या फुकट जातील." मग त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि तो रडला. त्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी विमानाच्या उजव्या सीटवर जाऊन बसलो. माझं पोट मावलं.

इन्स्पेक्टर एप्रिलमध्ये आला. उंच, शांत, तोंडावर रेषही न हलवणारा माणूस. त्याने दिवसभर प्रत्येक जोड टॉर्चने पाहिला. मग कुंपणावर रेललेल्या ग्रॅहमच्या समोर वहीच्या भाषांतराचं एकतिसावं पान काढून त्याने मोठ्याने वाचलं की देवाने ग्रॅहमला जिभेऐवजी आणखी एक हात दिला असता तर शेपूट एव्हाना झालं असतं. ग्रॅहमने विचारलं, हे कोणी लिहिलंय. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फेअर इनफ," ग्रॅहम म्हणाला आणि आत निघून गेला. तीन आठवडे तो मला माझा प्रॉब्लेम सांगायला आला नाही, आणि खरं सांगतो, मला चुकल्यासारखं झालं.

"तुमचं काम सत्तावन्न टक्के आहे," इन्स्पेक्टरने हिशेब दाखवला. "विमान उत्तम आहे. अशी नोंद मी पाहिलेली नाही." मग त्याने वही मिटली आणि हळू आवाजात पायसला विचारलं, "हे उडवणार कोण?" त्याने सगळी पानं वाचली होती, हे आम्हाला कळलं.

"मी नाही," पायस म्हणाला. "मी फक्त सही करतो."

त्याने सही केली. त्या सहीला वेळ लागला. इन्स्पेक्टर त्या वेळात उगाचच टायर पाहत राहिला. त्याच आठवड्यात पायसने लायसन्सही परत केलं आणि गाडीच्या किल्ल्या डोरीनच्या पर्समध्ये गेल्या.

नव्या विमानात पहिले पंचवीस तास एकट्या पायलटने उडवायचं असतं, दुसरं कुणी चालत नाही. कॅम्डनच्या पुढच्या एका गवताच्या धावपट्टीवर क्लबातली केली नावाची पायलट दर रविवारी ते उडवायची. मी गाडी चालवायचो, पायस शेजारी बसायचा आणि आम्ही दोघं कुंपणाशी उभे राहून आपण बांधलेलं विमान दुसऱ्याला उडवताना पाहायचो. पंचवीस तासांना चार महिने लागले. पाऊस, वारा, केलीच्या बहिणीचं लग्न. त्या चार महिन्यांत पायसचा डावा हातही गेला. डोरीन त्याच्या शर्टाची बटणं लावू लागली.

सप्टेंबरच्या एका रविवारी सकाळी पायस केलीच्या शेजारी बसला. डोरीनला बाजूला बसवायचा बेत होता, पण दोनच सीटा. "तू जा," डोरीन त्याला म्हणाली, "मी ते घर पाहिलंय उजेडात. तू बघ." तिने त्याचा पट्टा आवळला आणि मागे येऊन माझ्याजवळ उभी राहिली. विमान वर गेलं, पूर्वेला वळलं आणि दिसेनासं झालं. आम्ही तासभर आकाशाकडे पाहत उभे होतो. चारुताने दिलेला थालिपिठांचा डबा कुणी उघडला नाही.

विमान परत आलं. उतरताना पायसने माझ्या खांद्याचा आधार घेतला. त्याचा हात माझ्या खांद्यावर इतका थरथरत होता की माझा चष्मा हलत होता. खाली उतरायला शिडी लागली. माझीच होती.

"वही आणलीस?"

आणली होती.

"घर दिसलं गं," तो आधी डोरीनला म्हणाला. "निळा पत्रा टाकलाय छपरावर. मागे कुणीतरी चादरी वाळत घातलेल्या." मग माझ्याकडे वळला. "तिथे केलीने मला चालवायला स्टिक दिली. दहा चाळीस ते दहा चव्वेचाळीस. दोन हजार फूट. लिही."

मी लिहिलं.

"पुढे लिही, हात स्थिर."

मी पेन थांबवलं. मी कॅम्डनच्या कुंपणाशी होतो. दहा चाळीसला मला आकाशात साधा ठिपकाही दिसत नव्हता.

"इंजिनच एवढं थरथरतं ना," पायस म्हणाला, "की सगळंच हलतं, केलीचा पण हात हलतो. त्यात माझा कुठला ते मलाच कळेना. चार मिनिटं. लिही ना, श्रीनाथ."

केली विमानाला दोर बांधत होती. मी तिला विचारलं नाही. मी शाईने लिहिलं, 'पायसचा हात स्थिर होता.' जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते मी आयुष्यात पहिल्यांदा वहीत लिहिलं आणि खाली सही केली. मग वही त्याच्यापुढे धरली. डोरीनने त्याचं मनगट धरायला हात पुढे केला, त्याने मानेने नको म्हटलं, आणि माझ्या सहीच्या शेजारी स्वतःची सही केली. ती कुणाला वाचता येणार नाही. पण आहे.